ब्रँड स्टुडिओची ऑफर आलीये, घेऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मैत्रीण बरीच वर्षं एका न्यूज पोर्टलच्या फीचर्स डेस्कवर आहे, आता त्याच मीडिया हाऊसच्या ब्रँड स्टुडिओने, म्हणजे कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांच्यासाठी लेख-व्हिडिओ बनवणाऱ्या विभागाने, तिला सिनियर रायटर म्हणून बोलावलंय. पगार जवळपास दीडपट. डेस्कवरचे लोक टोमणे मारतायत की चालली बाई जाहिरातवाल्यांकडे, आता सिमेंटवर कविता लिहील. तिला विचारायचंय की हे ब्रँडेड कंटेंट (कंपनीच्या पैशाने केलेला मजकूर), नेटिव्ह ॲडव्हर्टायझिंग (साइटवरच्या लेखासारखीच दिसणारी जाहिरात) वगैरे जे म्हणतात त्यात दिवसभर नेमकं काय काम असतं, पुढे करिअर आहे का, आणि नाहीच जमलं तर बातमीत परत येता येईल का. आणि पत्राच्या शेवटी घाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे, की संपादक म्हणतायत सुरुवातीला दोन्ही कर, अर्धा दिवस इकडे, अर्धा दिवस तिकडे.

अगं, मला त्या शेवटच्या ओळीचंच जास्त टेन्शन आलं, म्हणून आधी तेच. दोन्ही करू नकोस. स्टुडिओत जायचं तर पूर्ण जा, नाहीतर डेस्कवरच राहा, पण अर्धं-अर्धं अजिबात नको. समज सकाळी तू एका डॉक्टरला फोन करून खाजगी हॉस्पिटलांच्या बिलांबद्दल माहिती काढलीस, तो तुझ्यावर विश्वास ठेवून दोन गोष्टी जास्तीच्या बोलला, आणि दुपारी तू त्याच क्षेत्रातल्या एका हॉस्पिटल ग्रुपसाठी पैसे घेऊन लेख लिहितेयस. तू कितीही प्रामाणिक अस, त्या डॉक्टरला जेव्हा हे कळेल तेव्हा तो परत फोन उचलणार नाही, आणि त्याचं काही चुकणारही नाही. वाचकाचंही तेच, तुझं नाव काल चौकशी करणाऱ्या बातमीवर होतं आणि आज 'प्रायोजित' लिहिलेल्या लेखावर आहे, त्याने काय समजायचं. ज्या मोठ्या माध्यमांनी हे काम नीट उभं केलं त्यांनी स्टुडिओची टीम न्यूजरूमपासून मुद्दाम वेगळी ठेवली, ते उगाच नाही. संपादकांना 'दोन्ही' सोयीचं वाटतंय कारण एका पगारात दोन माणसं मिळतायत, बाकी काही नाही.

आता टोमण्यांचं. हा धंदा काही इंटरनेटवाल्यांनी काढलेला नाहीये. जॉन डिअर ही शेतीची अवजारं बनवणारी कंपनी, तिने 1895 साली 'द फरो' नावाचं मासिक काढलं, त्यात शेती चांगली कशी करावी ह्याचे लेख असायचे, ते अजूनही निघतं. टायर विकणाऱ्या मिशेलिनने 1900 साली वाहनचालकांसाठी गाईड छापलं, कारण लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील, सरळ हिशोब. अमेरिकेत 1930 च्या दशकात साबण कंपन्यांनी रेडिओवरच्या रोजच्या मालिकांना पैसे पुरवले आणि त्यावरूनच अशा मालिकांना सोप ऑपेरा म्हणायला लागले. एनर्जी ड्रिंक विकणाऱ्या रेड बुलने 2012 मध्ये फेलिक्स बॉमगार्टनर ह्या स्कायडायव्हरला साधारण 39 किलोमीटर उंचीवरून उडी मारायला लावली आणि जगभर लोकांनी ते लाइव्ह पाहिलं, त्यात कॅनमध्ये काय असतं हे कोणी सांगत बसलं नव्हतं. तर पैसे कंपनीचे आहेत म्हणून वस्तू टाकाऊ असते असं नाही. डेस्कवरच्या त्या महाशयांना सांग की त्यांचा पगारही जाहिरातीतूनच येतो, फक्त मधे दोन मजले असतात.

पण त्यांचं थोडंसं बरोबरही आहे, आणि ते कुठे बरोबर आहे हे तुला कळायला हवं. 'द अटलांटिक' ह्या अमेरिकन मासिकाने जानेवारी 2013 मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी ह्या वादग्रस्त पंथाचा एक पैसे घेऊन छापलेला लेख साइटवर टाकला. वर पिवळी 'स्पॉन्सर कंटेंट' अशी पट्टी होती हं, म्हणजे लेबल नव्हतं असं नाही. पण लेख म्हणजे त्यांच्या नेत्याची नुसती आरती, आणि खालच्या कॉमेंट्स मार्केटिंगची टीम चाळत होती, त्यामुळे तिथे कौतुकच जास्त दिसत होतं. लोक खवळले, काही तासांत लेख काढावा लागला आणि मासिकाने जाहीर माफी मागितली. आणि पुढच्याच वर्षी, जून 2014 मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सच्या टी ब्रँड स्टुडिओने नेटफ्लिक्सच्या 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' ह्या मालिकेसाठी अमेरिकेतल्या तुरुंगांमधल्या बायकांवर लेख केला, पुरुष कैद्यांसाठी बनवलेली व्यवस्था बायकांना का लागू पडत नाही ह्यावर. मुलाखती, आकडे, व्हिडिओ, सगळं रीतसर रिपोर्टिंग, मालिकेचा उल्लेख अगदी जेवढ्यास तेवढा, आणि वर 'पेड पोस्ट' असं लिहिलेलं. पत्रकारांनीसुद्धा त्याचं कौतुक केलं. दोन्हीकडे पैसे घेतलेच होते की, पण एका ठिकाणी वाचकाच्या हातात काहीतरी पडलं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला गिऱ्हाईक समजून नुसतं गुंडाळायचा प्रयत्न झाला.

लेबलवरून एक सांगते, कारण ह्या लाइनमध्ये रोज भांडण ह्याच्यावरूनच होतं. क्लायंटला ते लेबल लहान हवं असतं, राखाडी रंगात हवं असतं, कोपऱ्यात हवं असतं, 'प्रायोजित' ऐवजी 'यांच्या सहकार्याने' असलं काहीतरी गुळगुळीत हवं असतं. सेल्सवाले म्हणतात करून टाक ना, काय फरक पडतो. फरक पडतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2016 मध्ये शाळकरी मुलांना एका साइटचं पान दाखवलं, त्यावर 'स्पॉन्सर्ड कंटेंट' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी मिडल स्कूलच्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या, 80 टक्क्यांपेक्षा जास्त मुलांना ती खरी बातमीच वाटली. म्हणजे लेबल असतानाही ही गत, तर ते लपवल्यावर काय होईल बघ. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2015 मध्ये ह्याच विषयावर धोरण जाहीर केलं आणि 'प्रमोटेड', 'प्रेझेंटेड बाय' असल्या मोघम शब्दांवर विसंबू नका, जाहिरात आहे हे साध्या शब्दात सांगा असं बजावलं. पुढच्याच वर्षी लॉर्ड अँड टेलर ह्या कपड्यांच्या स्टोअरवर कारवाई झाली, त्यांनी 50 इन्फ्लुएन्सर्सना एकच ड्रेस फुकट दिला, वर प्रत्येकीला हजार ते चार हजार डॉलर दिले, एका फॅशन मासिकात पैसे देऊन लेख आणला, आणि हे पैशाचं कुठेच नीट सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ॲस्कीने, म्हणजे जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेल्या संस्थेने, 2021 मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी लेबलचे नियम आणले. नियम देशोदेशी वेगळे असतील पण मुद्दा तोच, ज्याने पैसे दिले त्याचं नाव वाचकाला आधी दिसलं पाहिजे, लेख वाचून झाल्यावर तळाशी नाही.

मला विचारशील तर लेबल ही लिहिणाऱ्याची ढाल आहे. ते ठळक असलं की तुला मोकळेपणाने लिहिता येतं, कारण तू कोणाला फसवत नाहीयेस.

आता दिवसभराचं काम. लोकांना वाटतं की मस्त क्रिएटिव्ह, कॉफी पीत कल्पना सुचतात वगैरे. निम्मा दिवस कॉल्समध्ये जातो. सेल्स टीम ब्रीफ आणते, म्हणजे क्लायंटला काय हवंय त्याचा कागद, तो बऱ्याचदा एका पानाचा असतो आणि त्यात 'तरुणांशी कनेक्ट व्हायचंय' एवढंच धड वाचता येतं. मग तू, डिझायनर, व्हिडिओवाला, अकाउंट मॅनेजर (क्लायंट सांभाळणारा) मिळून तीनेक कल्पना काढता, डेक म्हणजे स्लाइड्स बनतात, पिच होते म्हणजे त्या क्लायंटपुढे मांडता, दहातल्या बऱ्याचशा पिच पडतात, जी लागते तिचं बजेट अर्धं होऊन येतं. मग मुलाखती, लेखन, पहिला ड्राफ्ट, क्लायंटचा फीडबॅक, त्यांच्या एजन्सीचा वेगळा फीडबॅक, दोन्ही एकमेकांच्या उलटे, मग लीगल, मग अजून एक फेरी, मग लेख लाइव्ह, मग आठवड्याने रिपोर्ट. करारात दोन रिव्हिजन लिहिलेल्या असतात आणि पाचवी चालू असताना कोणालाच ते आठवत नाही, तू आठवण करून द्यायला शिक.

एक उदाहरण जवळून दाखवते म्हणजे अंदाज येईल. समज गाद्या बनवणाऱ्या कंपनीचा ब्रीफ आलाय. त्यांना हवंय 'आमच्या गादीने पाठदुखी जाते' असा लेख. तू लगेच लिहायला बसायचं नाही. आधी विचारायचं, पाठदुखी जाते ह्याला पुरावा काय, चाचणी कोणी केली, कागद आहे का. बहुतेक वेळा पलीकडे शांतता. मग तू म्हणतेस, ठीक, आपण झोपेवर करू, पण कोणाच्या झोपेवर? रात्रपाळी करणारे लोक घे, नर्स, टॅक्सी ड्रायव्हर, कॉल सेंटरवाली मुलगी, सकाळी आठ वाजता जग उठतं तेव्हा हे झोपायला जातात, खिडकीला जाड पडदा, फोन सायलेंट, बेल बंद करून ठेवलेली, शेजाऱ्यांचं ड्रिल चालू. त्यांच्याशी बोल, झोपेच्या डॉक्टरशी बोल, दिवसा झोप का मोडते ते त्याच्याकडून समजून घे. हे सगळं तुला डेस्कवर येतंच. लेख झाला. आता फाइल परत येते आणि पहिल्याच पॅराला कॉमेंट, 'इथे प्रॉडक्टचं नाव यायला हवं'. दुसरी कॉमेंट, नर्स म्हणते की मला आठवड्यातून दोन दिवस झोपच लागत नाही, त्यावर, 'फार निगेटिव्ह वाटतंय, काढता येईल का'. तिसरी, डॉक्टरच्या वाक्यात 'चांगली गादी' घुसवलेली, जे तो बोललाच नव्हता.

ह्या तीन कॉमेंटना तू काय उत्तर देतेस त्यावर तुझं करिअर ठरतं, खरंच. पहिली, नाव पहिल्या पॅरात नको पण लेबलमध्ये वर आहेच, आणि शेवटी एका वाक्यात देऊ, इथे तडजोड चालते. दुसरी, नर्सचं वाक्य काढलं तर लेखात जीवच उरत नाही, हे त्यांना पटवायचं, आकडे दाखवून पटवायचं, की लोक अशा ठिकाणीच थांबून वाचतात. तिसरी, साफ नाही. माणूस बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही, इथे अकाउंट मॅनेजर कितीही विनवू दे. मला ह्या लाइनमधले जे चांगले लोक माहितीयेत ते लिहितात बरे, पण त्यांची खरी किंमत ही आहे की ते तिसऱ्या कॉमेंटला नाही म्हणतात आणि तरी क्लायंट पुढच्या वेळी त्यांनाच मागतो, कारण नाही म्हणताना त्यांनी पर्याय पण दिलेला असतो.

आकड्यांची पण सवय करावी लागेल. डेस्कवर तुला पेजव्ह्यूज माहितीयेत, इथे त्याच्याबरोबर टाइम स्पेंट (वाचक किती वेळ थांबला), स्क्रोल डेप्थ (कुठपर्यंत वाचलं), क्लिक-थ्रू (किती जणांनी लिंक दाबली), ब्रँड लिफ्ट सर्व्हे (वाचून ब्रँडबद्दलचं मत बदललं का), आणि त्यातले किती वाचक आपोआप आले आणि किती पैसे टाकून आणले हे वेगळं. ही शेवटची गोष्ट विचारायला लाजू नकोस, कारण बऱ्याच 'व्हायरल' लेखांच्या मागे मोठं डिस्ट्रिब्युशन बजेट असतं आणि रिपोर्टमध्ये ते बारीक अक्षरात असतं. लिंकचं पण समजून घे, पैसे घेतलेल्या लेखातल्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' टॅग लावा असं गुगल सांगतं, म्हणजे विकत घेतलेली लिंक सर्चमधल्या क्रमवारीसाठी धरली जात नाही, त्यातला 'स्पॉन्सर्ड' टॅग 2019 पासून आहे, आणि क्लायंटचा एसईओवाला (सर्चमध्ये साइट वर आणणारा) नेमका तो टॅग काढा म्हणून मागे लागतो. ह्यात तुमच्या साइटचं नुकसान होऊ शकतं, आणि त्याच्या साइटचंही.

करिअर आहे का? आहे, पण शिडी सरळ नाही. रायटर, मग कंटेंट एडिटर किंवा प्रोड्युसर, मग स्ट्रॅटेजिस्ट, मग स्टुडिओ हेड, हा एक रस्ता. दुसरा, एजन्सीत जा. तिसरा, कंपनीच्या आत इन-हाऊस टीममध्ये, तिथे पगार बरा आणि वेळेवर घरी, पण वर्षानुवर्षं एकाच वस्तूबद्दल लिहायचं, माझा तर जीव गेला असता. चौथा फ्रीलान्स, त्यात पेमेंट दोन-तीन महिन्यांनी येतं असं धरूनच चालायचं. पगार दीडपट मिळतोय तो चांगलाच आहे, पण त्याच्या मागचं कारण पण बघ, तू आता कमाई करणाऱ्या बाजूला जातेयस. तिमाही टार्गेट असतं, ते तुझ्या नावावर नसलं तरी तुझ्या डोक्यावर असतं. मंदी आली की कंपन्या आधी जाहिरातीचा खर्च कापतात, मग स्टुडिओ कापले जातात. म्हणून वाढलेला अर्धा पगार लगेच हप्त्यांमध्ये अडकवू नकोस, एवढंच.

मशीनने लिहून देणारी टूल्स आली आहेत त्याची भीती तू पत्रात घातली नाहीस पण असेलच. 'झोप चांगली लागण्यासाठी दहा उपाय' छापाचं काम त्यांनी खाल्लंय, आणि ते जायलाच हवं होतं, कोणी वाचत नव्हतं. पण त्या नर्सला फोन करून, ती बोलायला लागेपर्यंत थांबून, तिची परवानगी घेऊन वाक्य आणणं, ते तुलाच करावं लागणार. तू फीचर्समधून येतेयस हे तुझं भांडवल आहे, मुलाखतीत हेच पुढे कर, 'मला शब्दांची आवड आहे' वगैरे नको.

परत येण्याबद्दल. येता येतं, येतात लोक, पण फुकटात नाही. ज्या क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी लिहिलंस त्या क्षेत्राची बातमी काही काळ तुला करता येणार नाही, आणि कोणी दिली तरी तूच घेऊ नकोस. काही संपादक सरळ नाही म्हणतील, काहींना उलट तुझं बजेट सांभाळणं, व्हिडिओ टीम चालवणं ह्याची किंमत वाटेल. जितकी जास्त वर्षं तितकं अवघड. आणि एक व्यवहाराची गोष्ट, स्टुडिओच्या लेखांवर बऱ्याचदा तुझं नाव नसतं, कराराप्रमाणे ते काम दाखवताही येत नाही, मग तीन वर्षांनी पोर्टफोलिओ रिकामा. जॉइन होतानाच लेखी घे की प्रसिद्ध झालेलं काम, त्यात तुझा भाग काय होता हे लिहून, तू दाखवू शकतेस. आणि प्रत्येक प्रोजेक्ट संपला की ब्रीफ काय होता, तू काय केलंस, पुढे काय झालं हे अर्ध्या पानात लिहून ठेव, गोपनीय आकडे सोडून.

तर घेऊ का, ह्याला माझं उत्तर घे असं आहे, पण आधी स्टुडिओ हेडला भेट आणि काही गोष्टी स्पष्ट विचार. लेबल कुठे आणि कोणत्या शब्दात लावता, मला तुमचे चालू लेख मोबाईलवर दाखवा (मोबाईलवरच बघ, डेस्कटॉपवर लेबल छान दिसतं आणि फोनवर गायब होतं). मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा, आणि खोटा दावा आला तर मी नाही म्हटल्यावर माझ्या मागे कोण उभं राहणार. कोणत्या क्लायंटना तुम्ही आजवर परत पाठवलंय, नाव नका सांगू, प्रकार सांगा. ह्या प्रश्नाला जर 'आपण सगळ्यांबरोबर काम करतो' असं उत्तर आलं तर मग मी दोनदा विचार करीन. आणि मला कोणते विषय करायचे नाहीत ते आधीच सांगता येईल का, म्हणजे जुगाराची ॲप्स, चमत्कारी औषधं, राजकीय पक्ष, तुझी यादी तू बनव. हो म्हणाले तर ते मेलवर मागून घे, तोंडी नको. संपादकांना पण त्याच मेलमध्ये कळव की अमुक तारखेपासून मी न्यूज डेस्कच्या याद्यांमधून, ग्रुपमधून आणि सीएमएसच्या (साइटवर मजकूर चढवायच्या सिस्टिमच्या) न्यूज लॉगिनमधून बाहेर आहे.

त्यांनी टेस्ट असाइनमेंट मागितली तर एक कल्पना आणि एका पानाचा नमुना दे, तोही मनाने बनवलेल्या ब्रँडवर. त्यांच्या चालू क्लायंटसाठी अख्खी कॅम्पेन फुकटात लिहून मागत असतील तर विनम्रपणे सांग की ह्याचे पैसे पडतील, किती ते आधी ठरवून जा.